ईएक्सआर सिक्वेन्स अडखळतो, तेव्हा दोष कुणाचा?

कंपोझिटर, वागळे इस्टेट
"सिक्वेन्स अडखळत असेल तर मोठे ग्राफिक्स कार्ड घ्या, बाकी चर्चा व्यर्थ," असा सल्ला काल येथे एका सदस्याने नवशिक्यांना दिला, आणि तो वाचून मला स्वस्थ बसवेना. (ईएक्सआर सिक्वेन्स म्हणजे दर फ्रेमला एक, अशा प्रतिमा-फाइलींची मालिका.) कारण अशाच सल्ल्यावर विसंबून मी हप्त्यांवर कार्ड घेतले होते आणि न्यूकमधील (दृश्याचे थर जोडण्याच्या सॉफ्टवेअरमधील) प्लेबॅक पूर्वीइतकाच रखडत राहिला. हाफ फ्लोटमधील (प्रत्येक मूल्याला दोन बाइट), ३८४० बाय २१६० ची, चार चॅनेलांची (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकतेचा अल्फा) एक फ्रेम मेमरीत सुमारे ६६ एमबी जागा घेते. कॉम्प्रेशनने ती निम्मी झाली असे धरले, तरी सेकंदाला जेमतेम १२५ एमबी वाहून नेणाऱ्या गिगाबिट केबलमधून चार फ्रेमसुद्धा येत नाहीत, मग दर सेकंदाच्या २४ कुठून येणार? आधी तोच सिक्वेन्स मशीनमधल्या एसएसडीवर उतरवून पाहावा. फरक पडला तर दोष सर्व्हरचा किंवा नेटवर्कचा. न पडल्यास प्रोसेसर आणि स्क्रिप्ट, म्हणजे न्यूकमधील नोडांची (एकेका क्रियेच्या डब्यांची) जुळणी, तपासावी.

सल्ला देणारा सदस्य, खारघर
माझे फुटेज एनव्हीएमईवरच (वेगवान एसएसडीवर) असते, आणि डीनॉइज (दाणे काढणे) व डीफोकस (धूसर करणे) असलेल्या माझ्या शॉटचा वेळ कार्ड बदलताच निम्म्यावर आला. आपले पैसे वाया गेले म्हणून माझा अनुभव खोटा ठरत नाही.

कंपोझिटर, वागळे इस्टेट
खोटा नाही, परंतु तो जड नोडांचा अनुभव आहे, फाइल वाचण्याचा नव्हे. खरा त्रास लायटिंग विभाग देतो. चाळीस पास (प्रकाश, चकाकी अशा घटकांचे वेगळे थर) एकाच फाइलमध्ये कोंबले जातात, आणि एकाच भागाच्या ईएक्सआरमध्ये सर्व चॅनेल एकत्र साठवलेले असल्याने मला फक्त स्पेक्युलर (चकाकीचा पास) हवा असला तरी सगळे ओझे उचलावे लागते.

लायटिंग आर्टिस्ट, ऐरोली
हा आरोप मी ऐकून घेणार नाही. गेल्या प्रकल्पात मी प्रत्येक पास वेगळ्या सिक्वेन्समध्ये दिला, तेव्हा आपल्याच बिरादरीने "इतके रीड नोड (फाइल वाचणारे) कोण सांभाळणार?" म्हणून रात्री अकरा वाजता सर्व पुन्हा एकत्र करायला लावले. मल्टिपार्टची, म्हणजे एकाच फाइलमध्ये पास वेगवेगळ्या भागांत ठेवण्याची, सोय २०१३ पासून ईएक्सआरमध्ये आहे. ती मागितली कुणी? शिवाय त्या शॉटमध्ये ट्रान्सफॉर्म आणि ब्लरनंतर बाउंडिंग बॉक्स (न्यूक ज्या चौकटीतले पिक्सेल मोजतो ती) फ्रेमच्या कितीतरी बाहेर पसरला होता, आणि एक क्रॉप नोड लावताच स्क्रिप्ट हलकी झाली. तो पसारा मी केला नव्हता.

सल्ला देणारा सदस्य, खारघर
मग सरळ डीडब्ल्यूएए कॉम्प्रेशन वापरा, फाइल लहान होईल.

लायटिंग आर्टिस्ट, ऐरोली
ब्युटी पाससाठी (पूर्ण रंगीत चित्रासाठी) चालेल. परंतु त्यात माहिती गळते, म्हणून डेप्थ (अंतराचा पास) आणि क्रिप्टोमॅटला (वस्तू वेगळ्या निवडण्याच्या मॅटच्या पासला) ते लावू नये; मॅटच्या कडा बिघडल्या की दोष पुन्हा आमच्याच माथी येतो.

कंपोझिटर, वागळे इस्टेट
बाउंडिंग बॉक्सचे मान्य करणे भाग आहे, कारण तशी चूक माझ्याही स्क्रिप्टमध्ये सापडली आहे. तरी एक मागणी मी सोडणार नाही: न्यूक ओळीओळीने काम करतो, त्यामुळे १६ ओळींच्या गठ्ठ्यात बांधणाऱ्या झिप कॉम्प्रेशनऐवजी एकेका ओळीचे झिप द्यावे, आणि डेप्थ, क्रिप्टोमॅटसारखे डेटा पास वेगळ्या सिक्वेन्समध्ये ठेवावेत.

लायटिंग आर्टिस्ट, ऐरोली
देईन, परंतु ही मागणी शॉट सुरू होण्यापूर्वी लेखी यावी, डिलिव्हरीच्या रात्री नव्हे.

सल्ला देणारा सदस्य, खारघर
"बाकी चर्चा व्यर्थ" हे शब्द मी मागे घेतो. कार्डाविषयीचे मत मात्र घेत नाही.