मदत हवी आहे: सायकलवर १२ दिवस, पैसे एकाच गोष्टीपुरते. मागचं चाक घेऊ की तंबू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात एकटीने १२ दिवस सायकलवर फिरायचं ठरवलंय. रोज साधारण ७० किलोमीटर आणि सगळे मुक्काम उघड्यावर, कारण खोली भाड्याने घेण्याइतके पैसे नाहीत. सायकल जुनी आहे, पोलादी फ्रेमची. मागच्या चाकाला ३२ तारा, टायर २८ मिमीचे. सामान १९ किलो भरलं आणि ते सगळं मागच्या कॅरिअरवर आहे.

गेल्या आठवड्यात दोन दिवसांची रंगीत तालीम केली. पहिल्या दिवशी ४८ किलोमीटर झाल्यावर मागून टण्णकन आवाज आला. उजव्या बाजूची तार तुटली होती, हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, ती जिथे वाकते तिथेच. चाक ब्रेकला घासायला लागलं म्हणून मागचा ब्रेक सैल करून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी येताना आणखी एक तुटली, पुन्हा उजवीकडचीच. सुट्या तारा जवळ होत्या, पण फ्रीव्हील (साखळी बसते ती मागची दातेरी चकती) काढल्याशिवाय त्या बाजूची तार हबमध्ये ओवता येत नाही हे तेव्हा कळलं, आणि ते काढायचा पाना माझ्याकडे नव्हता. शेवटचे ११ किलोमीटर सायकल हातात धरून चालत आणली.

मधली रात्रही वाईट गेली. तंबू एकपदरी आहे, तो ओढ्याकाठच्या सपाट जागेवर लावला आणि गार लागेल म्हणून सगळ्या चेन बंद केल्या. पहाटे ३ वाजता कपाळावर थेंब पडून जाग आली. बाहेर पाऊस नव्हता, तरी स्लीपिंग बॅग पायाकडे चिंब भिजलेली. उजाडेपर्यंत कुडकुडत बसून राहिले.

आता शिल्लक पैशांत ३६ तारांचं नवं चाक येईल किंवा दुपदरी तंबू, दोन्ही नाही. काय घेऊ? खाण्याचा प्रश्न सुटलाय, नुसतं पाण्यात भिजवून होईल तेच नेणार, त्यामुळे स्टोव्ह आणि इंधन दोन्ही वाचलं. रात्री जागा कशी निवडता तेही सांगा. जनावरांपेक्षा मला रस्त्यावरून कुणी पाहील याची जास्त भीती वाटते.

प्रतिसाद १

ताई, पैसे खर्चायच्या आधी रिम, म्हणजे चाकाची बाहेरची धातूची कड तपासा. ब्रेक जिथे घासतो त्या पट्टीवरून बोट फिरवा. खोलगट लागली तर रिम संपली, मग नवं चाक घ्यावंच लागेल. सपाट असेल तर तीच रिम, तोच हब ठेवा आणि तारा तेवढ्या सगळ्या नव्या ओवून घ्या. नव्या चाकापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

फक्त तुटलेल्या दोन बदलून भागणार नाही. उजवीकडे फ्रीव्हीलला जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तार खाली आली की थोडी सैल पडते, वर गेली की पुन्हा ताणते. हजारो वेळा असं होऊन ती वाकाशी थकते. दोन दिवसांत दोन गेल्या, म्हणजे बाकीच्यांचंही आयुष्य तेवढंच झालंय.

आणि मागचा भार कमी करा. पाणी, हत्यारं, तंबू असं ६-७ किलो पुढे न्या. फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ मिमीचे टायर घालून हवा थोडी कमी ठेवा. खड्ड्यांचा मार चाकापर्यंत कमी पोचेल. फ्रीव्हीलचा पाना मात्र विसरू नका.

प्रतिसाद २

तंबू बदलू नका, जागा बदला. ती ओल तुमच्याच श्वासाची होती, गार कापडाला लागून तिचं पाणी झालं. ओढ्याकाठी हवा आधीच दमट, शिवाय रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन तिथेच साचते. थोडं वर, झाडाखाली झोपा. झाडाच्या आडोशाला दव कमी पडतं. फक्त वर वाळकी फांदी लटकत नाही ना, ते बघा. तंबूची दोन्ही टोकं उघडी ठेवा. गार वाऱ्यापेक्षा ओली बॅग जास्त छळते.

लपण्याचं म्हणाल तर जागा उजेडात हेरून ठेवा, पण तंबू अंधार पडताना लावा. सायकल आडवी करा आणि तिचे रिफ्लेक्टर कापडाने झाका, गाडीच्या दिव्यात तेच आधी चमकतात. जवळ घर असेल तर सरळ जाऊन विचारा. मी एकटी असते तेव्हा लपण्यापेक्षा विचारूनच राहते, झोप शांत लागते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! रिम सपाट आहे. आज तारा बोटाने छेडून पाहिल्या. डावीकडच्या सगळ्या जवळपास एकाच सुरात वाजतात, पण उजवीकडच्या पाच अगदी ढिल्या लागल्या. तारा नव्या ओवून घेते, तंबू आहे तोच नेते. एकच राहिलं: पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला कॅरिअरसाठी भोकं नाहीत. रबरी अस्तराच्या पट्ट्यांनी कॅरिअर बसवून कुणी ६ किलो वाहून नेलंय का? उतारावर ते घसरतं का?