कुंपणाचे लाकडी खांब किती पावसाळे टिकले? तुमचे अनुभव सांगा

परवा गुहागरजवळच्या आमच्या घरी गेले होते. तीन वर्षांपूर्वी घातलेल्या कुंपणाचे चार खांब आडवे. एक हलवून बघितला तर जमिनीलगत कटकन मोडला, वरचा ठणठणीत, खालचा पुरलेला भागही बऱ्यापैकी, मधल्या वीतभरात नुसता भुसा. आणि त्याच ओळीत आजोबांनी रोवलेला खैराचा खांब, मला कळतंय तेव्हापासून उभा! एकदम आठवलं, थंडीत आजोबा खांब सोलायचे, सालीखालचं पांढरं लाकूड तासून काढायचे (ते वाळवीचं जेवण म्हणायचे) आणि मग बुडखा धगीवर फिरवून काळा करायचे. नुसतं टोक नाही हां, जमिनीच्या वर वीतभर येईल इतका. त्याच निखाऱ्यात आम्हाला रताळी मिळायची, खरं तर खांबांपेक्षा तीच जास्त आठवतात. तर तुमच्याकडे काय करतात?

गडगेवाला
नवीन खांब कसले होते ते लिहिलंच नाहीत ताई

धागाकर्ती
सुरूचे. सालीसकट. लावणारा म्हणाला होता दहा वर्षं बघायला नको 😑

गडगेवाला
मग तीन वर्षं टिकले हेच नशीब. आजोबांच्या खांबात जाळण्यापेक्षा खैराच्या गाभ्याचं श्रेय जास्त, जळका थर पातळ असतो, त्याला चीर गेली की वाळवी आत. आता खैर तोडायलाही परवानगी लागते म्हणून आम्ही सरळ चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) घातला. खर्च विचारू नका.

साईटवरचा_माणूस
जमिनीलगतच कुजतो कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, खोल हवा कमी म्हणून तिथली बुरशी मंद. बरेच जण खांबाभोवती काँक्रीट ओततात आणि तळही बंद करतात, मग लाकूड सुकून आक्रसलं की फट पडते, त्यात पाणी, म्हणजे खांब वाटीत उभा. तळाला वीतभर खडी टाका, काँक्रीट फक्त बाजूने, वर बाहेरच्या बाजूला उतार द्या. खांबाचं डोकंही तिरकं कापा, पाणी उभ्या रेषांतून आत मुरतं. एक तृतीयांश जमिनीत हे तर माहीत असेलच.

वर्धेकर
तुमची जांभ्याची जमीन बरी हो, पाणी निघून तरी जाते. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा अन् पावसाळ्यात फुगते, सागाच्या बल्ल्या कुजायच्या आधीच झुकतात. अन् एवढं करून रोही (नीलगाय) वरून उडी मारते ते वेगळंच 😂

मायमावशी
आमच्या सासूबाईंनी पांगाऱ्याचे खांब रोवले होते, कुजायचं सोडून पावसात फुटलेच! आता ती झाडंच खांब झालीयेत. गिरीपुष्पाच्या फांद्यापण तशाच लागतात, वर पाला खताला.

ऑकलंडकर
इकडे न्यूझीलंडमध्ये जमिनीत जाणाऱ्या खांबावर एच४ लिहिलेलं बघून घ्यायचं, दाबाखाली औषध मुरवलेलं पाईन. मी शहाणपणा करून खांब लांब होता म्हणून कापला आणि कापलेलं टोक खाली पुरलं. औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं, कापलं की आतलं उघडं पडतं. शेजारच्या म्हाताऱ्याने बघितलं आणि बिचाऱ्याने न हसता सांगितलं, कापलेली बाजू वर. पाच खांब परत उकरले, भर थंडीत, बायको खिडकीतून बघत होती.

गडगेवाला
व्हिडिओ काढला असेल वहिनींनी

काजूवाडी
काजूच्या टरफलाचं तेल दोन हात मारलं, खांब चांगले आहेत अजून, पण मी हातमोजे न घालता लावलं आणि कोपरापर्यंत फोड उठले. आठ दिवस जेवण भरवत होते मला. लावायचंच तर जपून. आणि विहिरीजवळच्या खांबांना जळकं ऑईल फासू नका रे बाबांनो, आमच्या इथे एकाने फासलं, पाण्यावर तवंग.

साईटवरचा_माणूस
+१ ऑईल वरवरच बसतं तसंही, आत जात नाही.

मायमावशी
ते सगळं राहू दे, निखाऱ्यात रताळी की करांदे? आमच्याकडे करांदेच

धागाकर्ती
करांदे आमच्याकडे उकडून मावशी! खैराचा खांब मात्र हलवून बघायची हिंमत झाली नाही माझी.