मदत हवी आहे: पणजोबांच्या सुरीचे लाल खडे नाशकात कोण बसवेल?

सातपूरकर: घरात पणजोबांची जुनी सुरी आहे. मुठीतले लाल खडे पडलेत. कसले असतात हे, आणि नाशकात कोण बसवून देईल? खंडेनवमीला पूजेत मांडायची आहे, सगळी भावकी येणार. फोटो चढत नाहीयेत. प्लीज लवकर सांगा.

वाकडी_नजर: किती पडले, केवढे होते, मूठ कशाची? सुरी म्हणजे कांदा चिरायची का?

गोदाकाठचा: सराफ बाजारात जा. आमचे नेहमीचे सोनार पाच मिनिटांत बसवतील. लाल अमेरिकन डायमंड टाका, कोणाला कळतंय.

खडेघाशी: पाच मिनिटांत बसतो तो अंगठीतला खडा. जुन्या मुठीवर बहुधा कुंदनकाम असतं. तळाला लाख, त्यावर चमक यावी म्हणून डांकेचा पातळ पत्रा, मग खडा आणि कडेने शुद्ध सोन्याची पट्टी दाबून भरलेली. सातपूरकर, रिकाम्या घरात (खड्याच्या खाचेत) काय दिसतंय ते भिंगातून बघून सांगा. टाचणीने खरवडू नका.

राशीरत्न: माणिक हे सूर्याचं रत्न. घरातल्या कर्त्या पुरुषाची रास कोणती? शनीप्रधान पत्रिका असेल तर माणिक घरात आणण्याआधी विचारून घ्या.

सातपूरकर: रास कशाला?? मूठ फिक्या हिरव्या दगडाची आहे, टोकाला घोड्याचं तोंड. पातं जरा वाकडं. पाच-सहा घरं रिकामी, आत काळपट काहीतरी. लाल खडा म्हटल्यावर एवढं पुराण कशाला लागतं?

खडेघाशी: अहो, हे आधी सांगायचं! सुरी नाही, खंजीर आहे. हिरवट यशबाची (जेड दगडाची) घोडामुखी मूठ ही मुघली धाटणी. त्या धाटणीचे खंजीर नंतरही खूप झाले, त्यामुळे नुसत्या मुठीवरून वय ठरत नाही. काळपट ती लाख. आणि लाल म्हणजे माणिकच असं नाही. स्पिनेल (माणकासारखं दिसणारं वेगळं रत्न), तामडा (गार्नेट), काच, सगळं वापरलेलं सापडतं.

इतिहासवेडा: मुघली कशावरून? मराठा सरदारांकडेही असे होते. बाय द वे, २०२४ मध्ये साताऱ्याला वाघनखं आली तेव्हा कोण कोण गेलं होतं?

वाकडी_नजर: वाघनखांचा वेगळा धागा काढा.

नियमावली: पातं नऊ इंचांपेक्षा लांब आहे का ते मोजा, शस्त्र कायद्याचा प्रश्न येऊ शकतो. शिवाय वस्तू शंभर वर्षं जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही.

गोदाकाठचा: तो पूजा करतोय, दुबईला विकत नाहीये.

सातपूरकर: मुलाकडच्या नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चने बघितलं. उरलेल्यातले काही खडे लाल पेटल्यासारखे दिसले, काही अगदी मढ्ढ. म्हणजे खोटे?

खडेघाशी: तसं नाही. अंधारात त्या टॉर्चखाली माणिक आणि स्पिनेल बहुधा लाल चमकतात, तामडा चमकत नाही. पण लोह जास्त असलेलं माणिकही मढ्ढ राहतं. आणि एखादा फारच भडक पेटला तर कृत्रिम माणिकही असू शकेल, ते १९०२ पासून बनतंय. दोन जाती दिसतात म्हणजे आधीच्या कुणी तरी हात फिरवलाय असा माझा अंदाज. एक काम करा. तामडा चुंबकाला हलकासा ओढला जातो, पण त्यासाठी खडा सुटा हवा. पडलेला एखादा डबीत राहिलाय का?

सातपूरकर: नाही, सगळे हरवले. एक मामांनी फेविक्विकने चिकटवलाय.

खडेघाशी: अरे देवा. तो सोडवायला थिनर, स्पिरिट, गरम पाणी काही लावू नका, लाख विरघळेल नाहीतर सुटेल. ब्रशने धूळ झटका आणि यंदा पूजेला तसाच मांडा. मग मुंबईच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत उरलेले खडे न काढता तपासून घ्या. जात कळली की घराचं माप घेऊन जयपूरच्या कुंदनवाल्याकडे घासायला द्या. जुने खडे हाताने घासलेले, ओबडधोबड असतात. मशीनचा पैलू त्यात उपरा दिसतो.

गोदाकाठचा: जयपूर, मुंबई... खर्च किती! अमेरिकन डायमंड.

खडेघाशी: तुमच्या खंजिरात टाका.

राशीरत्न: तामडा असेल तर पत्रिका न बघताही चालेल.

सातपूरकर: ते ठीक. पण पातं मोजायचं कुठून, मुठीपासून सरळ की वाकड्या कडेने?