सुट्या पिंजरीने कपाळावर पडलेला काळा डाग

प्रश्न (गुहागर):
माझ्या सासूबाई लग्नापासून मेणावर पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड, लावत आल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी जत्रेतून सुटी पिंजर आणली, तेव्हापासून त्यांच्या भुवयांच्या मधोमध रुपयाएवढा काळपट डाग पडला आहे, आणि वैशाखात घामाने पिंजर ओघळली की नाकापर्यंत खाज सुटते. पुडीवर ना नाव, ना घटक. करंडा पुसलेला पांढरा पंचा दोनदा साबणाने धुतला तरी गुलाबीच राहिला. दोष रंगाचा की मेणाचा?

प्रतिसाद (रत्नागिरी):
दोष दोन्हींचा असू शकतो, तरी पंच्यावरून ऱ्होडामाइन-बीसारख्या कापड रंगवण्याच्या रंगाची शंका येते. हळदीला चुन्याची निवळी देऊन केलेले कुंकू लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळे पडते. टांकणखार (बोरॅक्स) घालून केलेले मात्र तसे पडत नाही, म्हणून या घरगुती परीक्षेवर विसंबू नये. सुदान-1 या रंगाच्या अ‍ॅलर्जीत तर त्वचा लाल होण्याऐवजी काळवंडते. जपानमध्ये प्रसाधनांतील एका लाल रंगात अशुद्धी म्हणून आलेल्या याच सुदान-1 मुळे स्त्रियांच्या चेहऱ्यांवर असे डाग पडले होते.
कारण शोधायला त्वचातज्ज्ञ संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावून 48 तास ठेवतात, काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही टाळायचा. आपल्या हवेत हे किती जमेल कोण जाणे! पिंजर आणि मेण दोन्ही सोबत न्यावे. कारण सापडून वापर थांबला तरी डाग फिकट व्हायला महिनेच्या महिने लागतात.

प्रतिसाद (मालवण):
केवळ कृत्रिम म्हणून रंगाला दोष देता येणार नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार आयएस 4707 या भारतीय मानकात दिलेलेच रंग वापरता येतात, आणि अशा सेंद्रिय रंगांत शिसे दशलक्षात 20 भागांहून अधिक चालत नाही. खरी अडचण निनावी पुडीची आहे, कारण तिच्यात काय आहे याला जबाबदार कोणीच नसतो. ‘पारंपरिक’ शेंदूर तरी कुठे निर्धोक? तो बहुधा शिशाचाच ऑक्साइड असतो. आणि घाईने चिकट टिकलीकडेही वळू नका. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनामुळे कपाळावर कोडासारखे पांढरे डाग पडतात.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. पुडी आणि मेणाची डबी बांधून ठेवली असून पुढच्या आठवड्यात चिपळूणला दाखवायला जाणार आहोत. कोऱ्या कपाळाने एस.टी.त बसायला सासूबाई अजून तयार झालेल्या नाहीत.