चहाघरासाठी दहा किटल्या घ्यायच्या आहेत : चिनी मातीच्या, काचेच्या की स्टीलच्या?

प्रतापनगरची_चहावाली :
नमस्कार. दिवाळीनंतर नागपुरात, प्रतापनगरमध्ये आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी आणि माझ्या जाऊबाई मिळून सहा टेबलांचे लहानसे चहाघर सुरू करीत आहोत. आले घालून उकळलेला दुधाचा चहा असेलच; पण दार्जिलिंग आणि आसामचा पानांचा चहाही किटलीतून, बिनदुधाचा द्यायचा आहे. दोन मैत्रिणींना तासभर निवांत बोलत बसता येईल अशी जागा आमच्या भागात आम्हाला स्वतःलाच कधी सापडली नाही. प्रत्येकी 400 मिलिलिटरच्या दहा किटल्या हव्या आहेत आणि त्यासाठी एकूण 12,000 रुपयेच बाजूला ठेवले आहेत. ज्यांनी स्वतः वापरल्या असतील त्यांनी कृपया सांगावे.

रामदासपेठकर :
बिडाचीच किटली घ्या, दुसरा विचार करू नका. माझ्याकडे आतून एनॅमलचा थर असलेली जपानी पद्धतीची किटली आहे. पाच वर्षे झाली, टवकासुद्धा उडालेला नाही आणि चहा बराच वेळ गरम राहतो. मला ती साडेचार हजारांना पडली, पण पाहुणे आले की सर्वप्रथम तिच्याचविषयी विचारतात.

इतवारीची_सून :
दहा बिडाच्या किटल्या म्हणजे 45,000 रुपये झाले. ताईंनी 12,000 सांगितले आहेत. शिवाय भरलेली बिडाची किटली इतकी जड असते की माझ्या सासूबाईंना ती एका हाताने उचलता येत नाही, आणि मूठ तापते ती वेगळीच.

आमच्या खानावळीत मी काचेच्या किटल्या वापरल्या. पान उमलताना दिसते, ते खरोखर सुंदर असते. मात्र सहा महिन्यांत सहापैकी चार किटल्यांच्या तोट्या फुटल्या. उकळत्या पाण्याने एकही फुटली नाही; सगळ्या स्टीलच्या मोरीत घासताना आपटून गेल्या. आता चिनी मातीच्या वापरते. घेताना दुकानातच पाणी भरून ओतून पाहा. झाकणाला हवेचे छिद्र नसेल तर धार अडखळते, आणि तोटीची कड बोथट असेल तर शेवटचा थेंब मागे वळून टेबलक्लॉथवर पडतो. जास्तीची झाकणेही मागून घ्या, कारण किटलीआधी झाकणच फुटते.

बोअरचे_पाणी :
किटलीपेक्षा पाण्याचा विचार आधी करावा. आमच्या सोसायटीत पेंच धरणाचे नळाचे पाणी कमी पडले की बोअरचे सोडतात, आणि त्या दिवशी काळ्या चहावर तपकिरी साय धरते. पाण्यातील कॅल्शियममुळे तसे होते. रंग मळकट दिसतो आणि सुगंध दबतो. त्यावर उपाय म्हणून केवळ आरओचे पाणी वापरू नका, त्यातील क्षार फारच कमी झालेले असतात आणि चहा सपक लागतो. मी पेंचचे पाणी कार्बन फिल्टरमधून घेतो आणि दर वेळी ताजेच उकळतो.

कटिंगप्रेमी :
नागपुरात पानांचा चहा चालत नाही. मी दोन वर्षे करून पाहिले आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दुपारी कोणी फिरकत नाही, आणि संध्याकाळी येणाऱ्याला उकळलेला, दाट चहाच हवा असतो. दुधाचा चहा सकाळीच करून मोठ्या थर्मासमध्ये भरून ठेवा, गिऱ्हाईक खोळंबत नाही. आले मात्र किसून घाला.

इतवारीची_सून :
आले ठेचूनच घालावे. किसलेले आले गाळणीत अडकते. शिवाय ते दुधात नव्हे, आधी पाण्यात उकळावे. कच्च्या आल्यात दूध फाडणारा घटक असतो आणि उकळी आली की त्याचा जोर संपतो. थर्मासमधला दुधाचा चहा तासाभरात उतरतो. मी तो कोणाला देणार नाही.

कटिंगप्रेमी :
वीस वर्षे किसूनच घालतो आहे, दूध एकदाही फाटलेले नाही.

रामदासपेठकर :
बिडाच्या किटलीत चहा गरम राहतो, म्हणून थर्मासची गरजच नाही, हे पुन्हा सांगतो.

प्रतापनगरची_चहावाली :
सर्वांचे मनापासून आभार. पाण्याविषयीचा सल्ला फारच मोलाचा ठरला. आमच्याकडेही बोअरचे पाणी मिसळते, त्यामुळे चहासाठी फक्त पेंचचेच पाणी भरून ठेवायचे ठरवले आणि कार्बन फिल्टरही बसवला. आले ठेचून पाण्यात, हेही ठरले.

मात्र टेबलावर पानांची किटली ठेवायचीच नाही, असे आम्ही ठरवले आहे. गेल्या रविवारी आठ मैत्रिणींना बोलावून चहा दिला. गप्पांच्या ओघात पाने किटलीत पंधरा मिनिटे राहिली आणि दुसरा कप इतका तुरट झाला की तिघींनी तो तसाच सोडला, पण वाईट वाटू नये म्हणून कोणी काही बोलले नाही. आपण जिला निवांत बसा म्हणतो, तिला निवांत बसण्यामुळेच कडू चहा मिळावा, हे मला पटले नाही. म्हणून स्वयंपाकघरात लिटरभराच्या दोन स्टीलच्या किटल्यांत घड्याळ लावून चहा मुरवायचा: 200 मिलिलिटरला दोन ग्रॅम पान, दार्जिलिंगला जरा निवलेल्या पाण्यात तीन मिनिटे, आसामला उकळत्या पाण्यात चार. मग तो गाळून, आधीच गरम पाण्याने विसळलेल्या लहान स्टीलच्या किटलीत टेबलावर न्यायचा. स्टीलची कोणीच शिफारस केली नाही हे मला दिसते आहे, पण ती फुटत नाही आणि जाऊबाईंना एका हाताने उचलता येते. सगळ्या मिळून 7,400 रुपयांना मिळाल्या.

उरलेल्या पैशांत चिनी मातीच्या पांढऱ्या कपबश्या घेतल्या, म्हणजे दार्जिलिंगचा फिकट सोनेरी रंग नीट दिसेल. तीन डझन सांगितल्या आहेत, शुक्रवारी येतील.