मदत हवी आहे: गाडी विकायच्या आधी काय दुरुस्त करू आणि काय तसंच सोडू?

खडखडाट
लोकहो, जुनी गाडी काढायची आहे. विकायच्या आधी एकदा बघून घे म्हणून मेकॅनिककडे नेली तर त्याने ही भली मोठी यादी हातात दिली. एसी गार करत नाही, खड्ड्यातून गेलं की पुढून खटखट येते, क्लच जड झालाय, पुढचे दोन टायर संपत आलेत, मागच्या डाव्या दारावर पोचा आणि त्यावर ओरखडा, हेडलाईट पिवळे पडलेत, टायमिंग बेल्टची वेळ झालीय आणि शेवटी 'बाकी किरकोळ'. सगळं करायचं म्हटलं तर गाडीचे जे काही येतील त्यातला मोठा वाटा गॅरेजवाल्यालाच जाणार. नाही केलं तर गिऱ्हाईक एकेका गोष्टीवर बोट ठेवून भाव पाडणार. यातलं काय करायचं आणि काय नाही एवढंच सांगा, 'ते डिपेंड करतं' वगैरे नको प्लीज. नवी गाडी बुक झालीय, दोन गाड्या लावायला जागा नाही, घाई आहे.

गिअरबाबा
कुठली गाडी? किती वर्षं? किती किलोमीटर? पेट्रोल की डिझेल? मॅन्युअल आहे एवढं क्लचवरून कळलं.

बिनधास्त_चालक
काही करू नका. आतून बाहेरून स्वच्छ धुवा, डिकी रिकामी करा, फोटो काढा, विका. दुरुस्तीला घातलेला पैसा विकताना कधीच पूर्ण परत येत नाही. घेणारा काहीतरी खोट काढतोच, तुम्ही दार रंगवलं तर तो म्हणणार सीट फाटलीय. माझ्या सगळ्या गाड्या मी जशा होत्या तशाच दिल्या.

ओवी_क
@बिनधास्त, धुवून पुसून वगैरे ठीक पण खटखट करणारी गाडी टेस्ट ड्राइव्हला दिली की पहिल्या खड्ड्यालाच घेणाऱ्याच्या मनात येतं की सस्पेन्शन गेलं. मग तो लिंक रॉडसारख्या एका छोट्या पार्टचे नाही, अख्ख्या सस्पेन्शनचे पैसे कापून मागतो. जे दिसतं त्याचा भाव माणूस नीट करतो हो, जे नुसतं ऐकू येतं त्याचा भीतीने करतो.

खडखडाट
@गिअरबाबा मॉडेल सांगून काय होणार? पोचा सगळ्या गाड्यांवर सारखाच असतो. पेट्रोल आहे, ११ वर्षं झाली, १ लाख १८ हजार किमी.

गिअरबाबा
पोचा सारखा असतो पण टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात चालवणारा पट्टा, सारखा नसतो ना भाऊ. बऱ्याच गाड्यांना बेल्टच नसतो, चेन असते आणि ती ठरावीक किलोमीटरला बदलायची गरज नसते. तुमच्या मॅन्युअलमध्ये बेल्ट लिहिलाय का ते बघा, की मेकॅनिकने सवयीने यादीत टाकलाय. बेल्ट असेल तर आधी कधी बदलला होता? बिल आहे? आणि गाडी देणार कोणाला, बाहेरच्या माणसाला की शोरूममध्ये एक्स्चेंजला?

चार्जिंगवाले_काका
नवी गाडी कुठली बुक केलीत? पेट्रोल असेल तर अजून वेळ गेलेली नाही, कॅन्सल करा. इलेक्ट्रिकला टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. ही यादीच आली नसती.

ओवी_क
काका, एसी, टायर, पोचा आणि खटखट तिथेही असते. विषयावर या.

खडखडाट
बेल्टच आहे, मॅन्युअल बघितलं. आधी कधी बदललाय माहीत नाही, मी गाडी सेकंडहँड घेतली होती. आधी बाहेर प्रयत्न करणार, नाही जमलं तर शोरूमला देणार. आता सांगा.

गिअरबाबा
सेकंडहँड घेतली होती हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. असो. शोरूमला द्यायची असेल तर काहीच करू नका, इथे मी बिनधास्तशी सहमत. त्यांना तेच काम तुमच्यापेक्षा स्वस्तात पडतं, तुम्ही केलेल्या खर्चाकडे ते बघतही नाहीत. त्यांचा आकडा वय, किलोमीटर, मॉडेलची मागणी यावर बसतो आणि वरून जे कापायचं ते कापतात. म्हणून आधी शोरूमकडून आकडा आणा, फुकट असतो. तो तुमचा तळ. बाहेरचं गिऱ्हाईक त्याच्या वर किती देतंय त्यावरच दुरुस्तीला किती घालायचे ते ठरेल. हा आकडा हातात नसताना यादी चर्चेला घेऊन उपयोग नाही.

पेंटर_नव्हे_आर्टिस्ट
दाराचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. रंग फुटला नसेल तर पोचा रंग न लावता आतून सळईने दाबून काढता येतो, त्याला पीडीआर म्हणतात, खर्च कमी आणि मूळ रंग टिकतो. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर तो वरच्या क्लिअर कोटमधला आहे, पॉलिशने बराच जाईल. नख अडकलं तर रंगापर्यंत गेलाय, पत्रा दिसत असेल तर गंज लागायच्या आत काहीतरी करायलाच हवं. पण अख्खं दार रंगवून घेऊ नका. म्हणजे माझ्याकडे आलात तर मी रंगवून देईन, पण विकायच्या आधी नका.

खडखडाट
का? नवं रंगवलेलं दार चांगलं नाही का दिसणार?

पेंटर_नव्हे_आर्टिस्ट
चांगलं दिसतं तेच वाईट. घेणारा रंगाची जाडी मोजणारं पेंट मीटर घेऊन येतो हल्ली. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, वरून रंगवलेल्या पॅनेलवर आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि खाली पुट्टी असेल तर कितीतरी जास्त. एकाच दारावर असा आकडा आला की तो धरून चालतो की गाडी ठोकलेली आहे. मग तुम्ही शपथ घेऊन सांगा की पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं होतं, कोण ऐकतो. उघडा पोचा निदान खरं बोलतो.

चकाचक
हेडलाईटला टूथपेस्ट लावा, दहा मिनिटांचं काम. आणि सिरॅमिक कोटिंग करून घ्या, गाडी नवी वाटते.

पेंटर_नव्हे_आर्टिस्ट
विकायच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग? पैसे जास्त झाले असतील तर इकडे पाठवा. टूथपेस्टचंही सांगतो. हेडलाईटची काच काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, त्यावरचा संरक्षक थर उन्हाने जातो म्हणून ती पिवळी पडते. टूथपेस्टने वरचं घासलं जातं, थोडे आठवडे बरं दिसतं, परत पिवळं. नीट करायचं तर १०००, २०००, ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी मारत मारत, मग पॉलिश आणि वरून यूव्ही क्लिअर. घरी होतं, एक दुपार जाते. चार बाजूंना आधी टेप लावा नाहीतर बॉनेटच्या कडेचा रंग खरवडाल.

चकाचक
थोडे आठवडे पुरे आहेत की, गाडी विकायचीच आहे ना.

ओवी_क
आणि ज्याने घेतली त्याच्या रात्रीच्या ड्रायव्हिंगचं काय?
खडखडाट, एक राहिलं. डॅशबोर्डवर कुठला लाईट पेटलेला राहतो का?

खडखडाट
हो इंजिनचा पिवळा आहे. पण तो कधीचाच आहे, त्याने काही होत नाही, गाडी मस्त चालते. मेकॅनिकने तो 'बाकी किरकोळ' मध्येच धरलाय.

गिअरबाबा
अहो!!

बिनधास्त_चालक
ओके मी माझं वाक्य बदलतो, काही करू नका पण तेवढं करा 😄

ओवी_क
इतका वेळ आपण टूथपेस्टवर बोलतोय आणि खरी गोष्ट किरकोळमध्ये पडलीय. तो लाईट बघून गंभीर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, थांबलंच तर इंजिनच्या कामाचे पैसे कापून मागेल. आधी स्कॅन करा. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं सॉकेट असतं, कुठलाही इलेक्ट्रिशियन स्कॅनर लावून कोड सांगेल. लाईटच्या मागे साधा सेन्सर आहे की मोठं काम हे कळल्याशिवाय बाकीची यादी पुढे सरकवूच नका.

जुगाडू
सोप्पं आहे. स्कॅनरने कोड इरेज करायचा, लाईट जातो. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी करा.

गिअरबाबा
@जुगाडू थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरत नाही. आणि पकडलं जातं. कोड पुसला की गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या स्वतःच्या तपासण्या, रेडिनेस मॉनिटर, त्याही शून्यावर जातात आणि नीट गाडी चालवेपर्यंत 'अपूर्ण' दाखवतात. घेणाऱ्याने आणलेल्या मेकॅनिकने साधा स्कॅनर लावला तरी त्याला कळतं की नुकतंच कोणीतरी पुसलंय. मग लाईट परवडला असता म्हणायची वेळ येते. वर ही सरळ फसवणूक आहे ते वेगळंच.

जुगाडू
सगळे करतात.

ओवी_क
मी मागची गाडी घेताना हेच झालं होतं, ताब्यात आल्यावर थोड्याच दिवसांत लाईट परत. ज्याने विकली त्याने फोन उचलणं बंद केलं. सगळे करतात म्हणे.

खडखडाट
अरे भांडू नका. स्कॅन करून आलो. पी०४२० आला. तो इलेक्ट्रिशियन म्हणतोय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला आणि आकडा ऐकून मी खाली बसलो. संपलं म्हणजे सगळं?

गिअरबाबा
बसू नका, उठा. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, पुरेसं काम करत नाहीये असं मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या रीडिंगवरून कॉम्प्युटरला वाटतंय. कन्व्हर्टर गेलेलाच असेल असं नाही. सेन्सरच्या जवळ सायलेन्सरच्या पाइपला लीक असेल, गॅस्केट गेलं असेल, जोडावर भेग असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग चुकतं. मागचा सेन्सरही म्हातारा होतो. आधी थंड इंजिन चालू करून कोणालातरी जोडांवर 'फुस्स फुस्स' ऐकायला सांगा, काजळीचे काळे डाग शोधा. लीक काढल्यावर कोड परत आला तरच कन्व्हर्टरचा विचार. अजून कुठला कोड होता का? मिसफायरचा, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नसल्याचा, पी०३०० वगैरे? मिसफायर असेल तर न जळलेलं पेट्रोल जाऊन कन्व्हर्टर खरंच मरतो, मग आधी प्लग-कॉइल बघायची.

खडखडाट
नाही, एकच कोड. कन्व्हर्टर निघाला तर?

ओवी_क
तर बदलू नका! कन्व्हर्टर एवढ्या जुन्या गाडीत बदलून वसूल होत नाही. स्कॅनचा कागद आणि एका गॅरेजचं लेखी कोटेशन हातात ठेवा, गिऱ्हाईकाला आधीच दाखवा, तेवढे कमी करून विका. आकडा कागदावर असला की तो त्याच आकड्यावर भांडतो, मनातल्या आकड्यावर नाही. फक्त तुमच्याकडे गाडी नावावर करताना धुराची तपासणी लागत असेल तर आधी ती गाडी त्यात पास होते का ते बघा.

गिअरबाबा
बेल्टलाही हेच. इतिहासच माहीत नाही तर तो तुटायला आलाय असं धरा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, इंजिन उघडायची वेळ येते. पण पैसे घालून बदललात तरी भाव तेवढा वाढत नाही. कोटेशन दाखवा, लिहून द्या की बदललेला नाही. ओळखीतल्या माणसाला विकत असाल तर मात्र बदलूनच द्या, रोज तोंड बघायचं असतं.

बिनधास्त_चालक
ओळखीतल्याला विकूच नका, हा माझा नियम.

खडखडाट
आणि क्लच, टायर, एसी? लवकर.

गिअरबाबा
क्लच: मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात चौथ्या गिअरला टाका आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम उडाला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट स्लिप होतेय, ते लपत नाही, भाव कमी करा. नुसता जड असेल आणि केबलवाला असेल तर आधी केबल बघा, ती असू शकते. टायर: खोबणीत आडव्या पट्ट्या असतात, रबर त्या पट्टीला टेकलं की १.६ मिमी उरलं, तिथे संपलं. तेवढे झाले असतील तर बदला, पावसात टेस्ट ड्राइव्ह द्यायचीय. नुसते जुने असतील तर राहू द्या. फक्त आतली कड जास्त झिजलीय का बघा, तसं असेल तर अलाइनमेंट बिघडलीय आणि नवेही तसेच जाणार. वय बघायचं तर साइडवॉलवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

ओवी_क
एसीला नुसता गॅस भरून आणू नका. गॅस आपोआप संपत नाही, लीक असतो. तो शोधल्याशिवाय भरला तर गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत गार, मग शिव्या. आधी केबिन फिल्टर काढून बघा, मागच्या मालकापासूनचा असेल तर हवाच येत नसेल. बघायला पैसे लागत नाहीत, बॉनेट उघडून एसी चालू केल्यावर पुढचा पंखा फिरतोय का तेही बघा. त्यातच काही सापडलं तर करा, कॉम्प्रेसर निघाला तर कोटेशनच्या गठ्ठ्यात.

खडखडाट
बरं. शोरूमचा आकडा उद्या येतोय. एक्झॉस्टच्या जोडाला काळं दिसलंय, गॅस्केट टाकायला सांगितलंय. खटखट म्हणजे लिंक रॉडच निघाला, तो बदलून घेतोय. ओरखड्यात नख अडकत नाही. हेडलाईट रविवारी पेपर आणून घासतो. बेल्ट, क्लच आणि एसीची कोटेशन मागितलीयत. दाराला हात लावत नाही.

पेंटर_नव्हे_आर्टिस्ट
टेप विसरू नका.

ओवी_क
गॅस्केट टाकल्यावर लगेच जाहिरात देऊ नका, थोडे दिवस गाडी चालवा, लाईट परत येत नाही ना बघा. दुसरी चावी आहे ना? ती नसेल तर तेही आधीच सांगा.

खडखडाट
दुसरी चावी मागच्या मालकाने दिलीच नव्हती.

चकाचक
माझी पण गाडी काढायचीय, डिझेल आहे, चालू करताना काळा धूर येतो, विकायच्या आधी इंजेक्टर साफ करू का?

गिअरबाबा
नवा धागा काढा. आणि त्यात मॉडेल, वर्ष, किलोमीटर आधी लिहा.