शब्दचर्चा : परवाना, परवानगी, वर्दी आणि बिऱ्हाड

मिडलंड्स, इंग्लंड

आमच्या मराठी मंडळाचं पत्रक मी लिहिते. गेल्या वर्षी कोजागरीच्या पत्रकात एक वाक्य होतं : ‘कार्यक्रमाला काउन्सिलची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) परवानगी मिळाली आहे.’ ते चुकीचं होतं, आणि चूक माझ्या शब्दाची होती.

भोंडला, गाणी आणि मध्यरात्री मसाला दूध असा बेत होता. इंग्लंडमध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं असेल, तर २००३चा लायसन्सिंग ॲक्ट लागू होतो. फुकट वाटलं तर होत नाही, पण आम्ही दुधाची कुपनं ठेवली होती. शिवाय अकरानंतर स्पीकरवर गाणी. म्हणून ‘टेम्पररी इव्हेंट नोटिस’ भरली, २१ पौंड भरले, काउन्सिलचं ईमेल आलं. ते वाचून मी ‘परवानगी मिळाली’ असं लिहून टाकलं. दोन दिवसांनी पर्यावरण-आरोग्य अधिकाऱ्यांची हरकत आली : सभागृहाला लागून घरं आहेत, अकरानंतर स्पीकर नको. बोलणी झाली, गाणी आधी घेतली, दूध ठरल्या वेळी झालं. पण सगळ्यांना पुन्हा कळवावं लागलं. मंडळातल्या एका आजोबांनी विचारलं, “दिलेली परवानगी काढून कशी घेतली?” त्यांना काय सांगणार? परवानगी कुणी दिलीच नव्हती.

यंदा त्याच पत्रकात नव्या विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या घरांबद्दल चार ओळी टाकायच्या आहेत. वेगवेगळी माणसं एकत्र भाड्याने राहतात अशा घराच्या ‘एचएमओ लायसन्स’ला मी ‘सामायिक घराचा परवाना’ लिहिलं, पण ते मलाच पटत नाहीये. दोन्ही ठिकाणी नेमके शब्द कोणते?

ठाणे

ताई, मी महापालिकेच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली, त्यामुळे या शब्दांशी रोजचा संबंध होता. माझी पद्धत अशी की नामावर अडायचं नाही, त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद येतं ते पाहायचं.

परवानगी आपण मागतो, समोरचा देतो किंवा नाकारतो. ती तोंडीसुद्धा चालते. आई देते, मुख्याध्यापक देतात, मांडवासाठी पालिका देते. परवाना मात्र काढावा लागतो. तो कागद असतो, त्याला मुदत असते, अटी असतात, तो भिंतीवर लावतात, त्याचं नूतनीकरण होतं, तो निलंबित होतो, रद्द होतो. ‘परवानगीचं नूतनीकरण’ असं सहसा कुणी म्हणत नाही. दोन्ही शब्द एकाच फारसी मुळाचे, पण मराठीने त्यांना वेगवेगळी कामं नेमून दिली आहेत.

तुमच्या कोजागरीत यातलं एकही क्रियापद बसत नाही. तुम्ही मागितलं काही नाही, त्यांनी दिलं काही नाही. तुम्ही त्यांना कळवलंत. त्यासाठी जुना आणि अजून जिवंत असलेला शब्द आहे वर्दी. ‘पोलिसांत वर्दी दिली’, ‘वर्दी मिळताच बंब निघाले’ असं आपण म्हणतोच. आणि जे ईमेल आलं ती पोच. ‘काउन्सिलला वर्दी दिली आहे, पोच आली आहे’ हे तुमच्या गेल्या वर्षीच्या परिस्थितीचं खरं वर्णन झालं असतं.

‘नोटिस’ तसाच ठेवू नका असं सुचवेन. आपल्याकडे नोटीस ‘येते’ आणि आली की पोटात गोळा येतो. ती वरून खाली येणारी गोष्ट आहे. इथे नागरिक काउन्सिलला ती देतो, म्हणजे दिशाच उलटी.

पुणे

‘वर्दी’ आवडला, पण माझ्या मुलीच्या पिढीला वर्दी म्हणजे हिंदी सिनेमातला पोलिसाचा गणवेश. पत्रकासाठी ‘पूर्वसूचना’ जास्त सुरक्षित.

मिडलंड्स, इंग्लंड

‘पूर्वसूचना’ घेते, कारण वेळेची अट त्यात आपोआप येते. ही सूचना कार्यक्रमाच्या किमान १० कामाचे दिवस आधी द्यावी लागते. पाच ते नऊ कामाचे दिवस आधीही देता येते, पण तिला ‘लेट’ म्हणतात आणि त्यात मोठा फरक आहे. वेळेत दिलेल्या सूचनेवर हरकत आली तर सुनावणी होते, आपली बाजू मांडता येते. उशिराच्या सूचनेवर पोलिसांची किंवा पर्यावरण-आरोग्यवाल्यांची हरकत आली की कार्यक्रम तिथेच थांबतो, सुनावणी नाही. हरकत घ्यायला त्यांना तीन कामाचे दिवस असतात. मी ते तीन दिवससुद्धा थांबले नव्हते.

काउन्सिल थांबवते तेव्हा ‘काउंटर नोटिस’ काढते. त्याला काय म्हणावं? ‘प्रतिसूचना’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

ठाणे

मनाई. ‘मनाईची नोटीस’. इथे ‘नोटीस’ चपखल बसते, कारण आता ती वरून खाली येते आहे.

आणि ‘हरकत’बद्दल थोडं अवांतर, कारण हा शब्द मला फार प्रिय आहे. अरबीत तो हालचालीचा शब्द. हिंदीत त्याला कृतीचा, बरेचदा खोडीचा अर्थ आला. गाण्यात गवई हरकत घेतो ती स्वरांची चपळ हालचाल. फक्त आपल्या बोलण्यात ‘हरकत घेणे’ म्हणजे आक्षेप घेणे झालं, आणि त्यातूनच ‘काही हरकत नाही’ आणि ‘ना-हरकत दाखला’ आले. ना-हरकत दाखला देणारं खातं परवानगी देत नाही, ‘आमच्याकडून अडचण नाही’ एवढंच सांगतं. तुमच्या पूर्वसूचनेचं अंतरंग तसंच आहे. फरक इतकाच की कुणी अडवलं नाही तर वेगळा दाखला मिळत नाही, ती शांतताच पुरेशी.

लंडन

मी इथे विद्यार्थिनी आहे, ताईंना दोन गोष्टी सांगते. आमच्या गल्लीतल्या एका हॉलने कायमच्या परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा दारावर फिकट निळा कागद लागला होता. ती पद्धत कायद्यानेच ठरलेली आहे : २८ दिवस कुणीही ‘रिप्रेझेंटेशन’ देऊ शकतं. तुमच्या तात्पुरत्या सूचनेवर शेजाऱ्यांना थेट हरकत घेता येत नाही, इथे मात्र येते. मी त्या शब्दासाठी ‘निवेदन’ वापरत होते, पण निवेदन म्हटलं की डोळ्यांसमोर मोर्चा येतो.

ठाणे

महाराष्ट्रात प्रत्येक विकास आराखड्याच्या जाहिरातीत असतं ते घ्या : ‘हरकती व सूचना’. यात विरोधही येतो आणि पाठिंबाही. इंग्रजी शब्दातही दोन्ही आहेत, हे बरेच जण विसरतात.

लंडन

अगदी तेच. आमच्यापैकी कितीतरी जणांना ‘छान जागा आहे, परवाना द्या’ असं लिहायचं होतं, पण असं लिहिता येतं हेच माहीत नव्हतं.

आणि काय लिहायचं हेही शब्दावर अवलंबून असतं. कायद्यात चारच कसोट्या आहेत : गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे, मुलांना अपायापासून जपणे. ‘आमच्या घरांच्या किमती उतरतील’ असं लिहिलं तर ते विचारात घेत नाहीत. ‘उपद्रव’ हा शब्द मला नेमका वाटतो. ‘त्रास’ लिहिलं तर सगळंच त्यात येतं.

नागपूर

एक मुद्दा राहिला. आपल्या सरकारी मराठीत लायसन्स म्हणजे ‘अनुज्ञप्ती’. शिकाऊ अनुज्ञप्ती, पक्की अनुज्ञप्ती. मुंबई महापालिकेत तर ‘अनुज्ञापन खातं’ आहे. प्रमाण शब्द असताना तो का टाळायचा?

ठाणे

मी हा शब्द हजारो वेळा कागदावर लिहिला. त्याचा अनादर नाही, भाषा संचालनालयाने १९६० पासून केलेलं काम मोठं आहे. पण खिडकीशी आलेल्या एकाही माणसाच्या तोंडून तो मी कधी ऐकला नाही. ‘साहेब, परवाना झाला का?’ किंवा ‘लायसन झालं का?’ परक्या गावात नुकत्याच उतरलेल्या मुलांसाठी लिहिताना ऐकलेलाच शब्द द्यावा. त्यांच्यापुढे आधीच खूप काही नवं असतं.

पुणे

अनुज्ञप्तीवर सहमत. पण ‘एंटरटेनमेंट’ला काय घेणार, करमणूक की मनोरंजन? कायद्याच्या मराठीत करमणूक कर होता, २०१७ला जीएसटीत विरला. ह. ना. आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘करमणूक’, आणि पाचच वर्षांनी का. र. मित्रांनी मासिक काढलं ते ‘मनोरंजन’. म्हणजे दोन्ही शब्द तेव्हापासून शेजारी नांदताहेत. माझं मत करमणुकीला. ‘करमत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला परदेशात काय हवं असतं, ते त्या शब्दात आहे.

मिडलंड्स, इंग्लंड

करमणूक! तुमचं हे वाक्य वाचून जरा गलबलून आलं. आता घराचं सांगा, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कार्यक्रमाची वेळ चुकली तर दूध थंड होईल, पण घर चुकीचं निघालं तर मुलांचं वर्ष खराब होतं.

ठाणे

‘सामायिक घर’ का खटकतं ते सांगतो. सातबाऱ्यावर सामायिक खातेदार असतात. सामायिक विहीर, सामायिक भिंत. या शब्दात मालकी आहे, भावाभावांचं न वाटलेलं घर आहे. तुमच्या मुलांची त्या घरात मालकी नाही, ती भाडेकरू आहेत. सामायिक आहे ते फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीघर.

लंडन

इंग्लंडच्या २००४च्या हाउसिंग ॲक्टमध्ये सगळं ‘हाउसहोल्ड’ या शब्दावर चालतं. तीन किंवा जास्त माणसं, एकाहून अधिक हाउसहोल्ड, आणि स्वयंपाकघर, बाथरूम किंवा संडास एकत्र, की ते घर एचएमओ. पाच किंवा जास्त माणसं झाली की घराला परवाना सक्तीचा. आधी तीन मजल्यांची अटही होती, ती १ ऑक्टोबर २०१८ पासून गेली. काही काउन्सिलांनी आपल्या हद्दीत तीन-चार माणसांच्या घरांनाही परवाना लावला आहे, म्हणून गावागणिक पाहावं लागतं.

पण हाउसहोल्ड म्हणजे ‘कुटुंब’ म्हणावं तर एकट्या मुलीला कुटुंब कसं म्हणायचं?

ठाणे

बिऱ्हाड! ‘वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं आहेत.’ भाड्याने राहणाऱ्याला तर आपण बिऱ्हाडकरूच म्हणायचो. नात्यापेक्षा वेगळी चूल, वेगळा संसार याकडे या शब्दाचं लक्ष आहे. कायद्यालाही तेच मोजायचं आहे.

पुणे

एकट्याचं बिऱ्हाड असतं का?

ठाणे

विंचवाचं असतं ना, पाठीवर! म्हणीतला विंचू एकटाच आहे.

लंडन

काका, हे इतकं बरोबर बसतंय! आमच्या घरात दोघं चुलत भाऊ आहेत. कायद्याने चुलत, मावस, आते, मामे सगळी भावंडं नात्यात धरली आहेत, त्यामुळे ते दोघं एक बिऱ्हाड. मी आणि माझी मैत्रीण पुण्याला तीन वर्षं एका खोलीत राहिलो, तरी आम्ही दोन बिऱ्हाडं. पाचवा मुलगा वेगळा. म्हणजे पाच माणसं, चार बिऱ्हाडं, घरमालकाला परवाना लागणारच. हे कुणी मला पहिल्याच दिवशी मराठीत सांगितलं असतं, तर माझी मैत्रीण आधीच्या घरात त्या खोलीत चार महिने राहिली नसती. परवाना असलेल्या घरात एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर लागतात. तिच्या खोलीत पलंग टाकल्यावर दार पूर्ण उघडत नव्हतं. त्या घराला परवानाच नव्हता, हे नंतर कळलं.

नागपूर

मग ‘बहुबिऱ्हाडी घर’. अनुज्ञप्तीचा हट्ट सोडला.

मिडलंड्स, इंग्लंड

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा टाकते, तपासा.

‘कोजागरीची पूर्वसूचना काउन्सिलला दिली आहे. हरकतीची मुदत संपली की अंतिम वेळ कळवू, त्यानंतरच गाडीचं तिकीट काढावं.

नव्या विद्यार्थ्यांसाठी : तुम्ही पाच किंवा अधिक जण मिळून घर घेत असाल आणि स्वयंपाकघर, बाथरूम किंवा संडास एकत्र असेल, तर ते बहुबिऱ्हाडी घर आहे (इथे त्याला ‘एचएमओ’ म्हणतात). त्याचा परवाना घरमालकाने काढायचा असतो, तुम्ही नाही. परवाना आहे का, हे काउन्सिलच्या नोंदवहीत कुणालाही पाहता येतं. सही करण्याआधी पाहा.’

लंडन

ताई, दोन दुरुस्त्या. ‘पाच किंवा अधिक जण’च्या पुढे ‘सगळे एकाच घरातले नसाल तर’ असं हवं, नाहीतर आईवडील आणि तीन मुलांचं कुटुंब घाबरून जाईल. आणि मागची वाक्यं वाचून कुणाला वाटेल की चौघांना कधीच परवाना लागत नाही. ‘काही गावांत तीन-चार जणांनाही लागतो, काउन्सिलला विचारा’ एवढं जोडा.

मिडलंड्स, इंग्लंड

जोडलं. ‘सगळे एकाच बिऱ्हाडातले नसाल तर’ असं लिहिलं आहे. उद्या छापायला देते.